एसीची कॉपर पाइपिंग: गिलाव्याआधीपासून गॅस सोडेपर्यंत

एसीतला गॅस खर्च होत नाही. तो बंद नळ्यांमधून फिरत राहतो. खोलीतल्या कॉइलमध्ये उकळून उष्णता घेतो, बाहेरच्या कॉइलमध्ये पुन्हा द्रव होऊन ती सोडतो आणि परत आत येतो. दहा वर्षं मशीन चाललं तरी त्याचं वजन तेवढंच राहायला हवं. तरीही 'दर उन्हाळ्यात गॅस भरावा लागतो' हे आपल्याकडे इतकं रुळलंय की लोक ते पैसे वर्षाच्या खर्चातच धरून ठेवतात. गॅस कमी झाला याचा अर्थ तो कुठूनतरी गळला. आणि नव्या मशीनमध्ये ती गळकी जागा बहुतेक वेळा कारखान्यातली नसते. ती आपल्या घरी, शिडीवर उभं राहून, घाईघाईत आवळलेल्या नटाखाली असते.

पाइपिंग नीट झाली तर हा सगळा त्रास टळतो, म्हणून हे सविस्तर लिहितोय. उदाहरण घेऊ दीड टनाच्या स्प्लिट एसीचं. गॅस आर-३२, घर म्हणजे नवा फ्लॅट, आणि पाइप भिंतीत लपवायचे. भिंतीतलं काम मुद्दाम निवडलं, कारण तिथे राहिलेली चूक दुरुस्त करायची तर टाइल आणि रंग फोडावा लागतो. बाहेरून उघडे पाइप नेणार असाल तरी झिरीचा (पाइपसाठी भिंतीत कापलेल्या चरीचा) भाग सोडून बाकी सगळं तसंच लागू आहे. काम करून घेणाऱ्या घरमालकाने आणि आयटीआयमधून नुकत्याच बाहेर पडलेल्या मुलामुलींनी, दोघांनी वाचावं.

आधी मशीन, मग पाइप

नव्या इमारतींमध्ये बिल्डर बऱ्याचदा पाइप आधीच घालून देतो आणि एसी घरमालक नंतर घेतो. इथेच पहिला घोळ होतो. पाइपचा आकार टनांवरून अंदाजाने ठरत नाही. तो त्या मॉडेलच्या पुस्तिकेत छापलेला असतो. बाजारात पाइप 'सुता'त मागतात, आणि एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. बारीक पाइप दोन सुती (६.३५ मिमी) आणि जाड पाइप चार सुती (१२.७ मिमी) ही जोडी दीड टनात सर्रास दिसते. एक टनाच्या मशीनला जाड पाइप तीन सुती (९.५२ मिमी) लागू शकतो, दोन टनाला पाच सुती (१५.८८ मिमी). भिंतीत चार सुती आहे आणि मशीनला तीन सुती हवाय, असं निघालं की लोक मध्ये रिड्यूसर (दोन वेगळ्या आकारांचे पाइप सांधणारा तुकडा) टाकून वेळ मारून नेतात. असा प्रत्येक जादा जोड म्हणजे गळतीची एक जादा जागा. गिलावा होण्याआधी निदान मॉडेल तरी पक्कं करा.

पुस्तिकेतून आणखी तीन आकडे काढून ठेवायचे. पाइपची जास्तीत जास्त लांबी, इनडोअर आणि आउटडोअर यांच्या उंचीतला जास्तीत जास्त फरक, आणि कारखान्यात भरलेला गॅस किती मीटरपर्यंत पुरतो. घरगुती मशीनमध्ये लांबीची मर्यादा बहुधा १५ ते २० मीटर असते. पण मर्यादेत बसतंय म्हणून लांब न्यायचं असं नाही. पाइप जितका लांब तितका दाब जास्त घटतो आणि थंडावा कमी मिळतो. पाच मीटरमध्ये काम होत असेल तर आउटडोअर दिसू नये म्हणून तो बारा मीटरवर नेऊ नका. काही कंपन्या किमान लांबीही देतात, साधारण तीन मीटर. तीही पाळायची.

आउटडोअर गच्चीवर आणि इनडोअर खाली असेल तर जाड पाइपमधून कॉम्प्रेसरचं तेल वर चढावं लागतं. उंची बरीच असेल तर उभ्या पाइपच्या तळाशी तेलासाठी वळण, म्हणजे ऑइल ट्रॅप, द्यायला काही कंपन्या सांगतात आणि काही नको म्हणतात. इथे मिस्त्रीच्या सवयीपेक्षा पुस्तिकेचा शब्द मोठा.

तांबं घेताना वजन करा

आर-३२ चा दाब जुन्या आर-२२ पेक्षा बराच जास्त असतो. मशीन बंद असताना ४५ अंशांच्या उन्हात, म्हणजे नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात, आर-२२ चा दाब साधारण २३५ पीएसआय (दाबाचं माप) असतो आणि आर-३२ चा सुमारे ३९० पीएसआय. म्हणून पाइपच्या भिंतीची जाडी महत्त्वाची. चार सुतापर्यंत ०.८ मिमी आणि पाच सुताला १ मिमी हा आकडा धरून चला. बाजारात जाडी गेजमध्ये सांगतात आणि गेजचा आकडा जितका लहान तितका पाइप जाड. २१ गेज म्हणजे सुमारे ०.८१ मिमी, २२ गेज म्हणजे ०.७१ मिमी.

दुकानदार गेज सांगेल, पण तपासायचं कसं? काट्यावर ठेवून. चार सुती, ०.८ मिमी जाडीच्या पाइपचं वजन मीटरला सुमारे २६५ ग्रॅम भरतं, म्हणजे १५ मीटरचं भेंडोळं साधारण ४ किलोचं. तेच तीन किलोच्या आसपास भरलं तर जाडी ०.६ मिमीच आहे. दोन सुती पाइप मीटरला सुमारे १२५ ग्रॅम. भावाची घासाघीस करण्याआधी हे वजन करून घ्या, कारण स्वस्त भेंडोळ्यात बहुतेक वेळा तांबंच कमी असतं.

भेंडोळ्याच्या दोन्ही टोकांना टोपणं असलीच पाहिजेत. उघड्या टोकाचा, दुकानाच्या कोपऱ्यात धूळ खात पडलेला तुकडा कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नका. आर-३२ आणि आर-४१०ए (असाच जास्त दाबाचा दुसरा गॅस) च्या मशीनमध्ये जे कृत्रिम तेल असतं ते हवेतली ओल झपाट्याने शोषतं. पाइपमध्ये राहिलेलं पाणी त्या तेलाशी मिसळून आम्ल बनतं, आणि ते आम्ल कॉम्प्रेसरच्या वाइंडिंगचं, म्हणजे तारांच्या गुंडाळीचं, इन्सुलेशन खातं. जुन्या आर-२२ मशीनचे पाइप नव्या मशीनला वापरू नका हे सांगण्यामागेही तेलाचंच कारण आहे. त्यात जुनं खनिज तेल असतं आणि जाडीचीही खात्री नसते.

मशीनसोबत बहुधा तीन मीटर पाइप येतो. तो कमी पडला की बाहेरून आणलेला तुकडा जोडून लांबवतात. भिंतीत जाणाऱ्या भागात मात्र एकही जोड नको. सबंध लांबीचा अखंड पाइप घ्या.

झिरी, भोक आणि ड्रेन

दोन पाइप, प्रत्येकावर वेगळं इन्सुलेशन (रबराचं वेष्टण), ड्रेनचा पाइप आणि वायरचं कॉन्ड्यूट एवढं सगळं झिरीत बसायचं असतं. चार सुती पाइपवर १३ मिमीचं इन्सुलेशन चढवलं की त्याचा बाहेरचा व्यास जवळपास ३९ मिमी होतो. म्हणजे झिरी ५० मिमी खोल तरी हवी. सहा इंची भिंतीत हे जमतं. चार इंची भिंतीत अर्धी जाडी कापावी लागते, तिथे लांब आडवी झिरी मारू नका. बीम आणि कॉलमला तर हातच लावायचा नाही. ग्राइंडरने सळई कापली गेली तर ते नुकसान एसीच्या किमतीपेक्षा फार मोठं आहे. मार्ग बदला, नाहीतर पीओपीच्या मागून न्या.

झिरी कमी खोल निघाली की मिस्त्री पाइप आत दाबून बसवतो आणि वरून गिलावा मारतो. इन्सुलेशन तिथे चेपतं, आणि पहिल्याच पावसाळ्यात त्या जागी भिंतीवर ओलसर डाग उमटतो. मग घरमालक वरच्या मजल्याच्या बाथरूमला दोष देत बसतो.

पाइप बाहेर काढायचं भोक कोअर कटिंगने, म्हणजे गोल कापणाऱ्या मशीनने, पाडा आणि बाहेरच्या बाजूला पाच ते दहा मिलिमीटर उतार ठेवा, म्हणजे पावसाचं पाणी आत येणार नाही. त्यात पीव्हीसीची बाही घाला. काम संपल्यावर भोक पुट्टीने बुजवा. पाली आणि मुंग्या याच वाटेने इनडोअरमध्ये शिरतात, आणि सर्किट बोर्डावर अडकलेली पाल हे मशीन बंद पडण्याचं आपल्याकडचं अगदी नेहमीचं कारण आहे.

मार्ग आखताना आधी ड्रेनचा विचार करायचा, तांब्याचा नंतर. तांबं वर-खाली कसंही वळतं, पाणी मात्र उतारानेच जातं. मीटरला निदान एक सेंटिमीटर उतार हवा आणि मध्ये कुठेही पोट नको. गिलाव्याआधी वरून बादलीभर पाणी ओतून ते दुसऱ्या टोकाला धडपणे येतंय का, हे स्वतः पाहा. हा ड्रेन संडासाच्या किंवा सांडपाण्याच्या पाइपला थेट जोडू नका. तिथला वायू उलटा येतो, खोलीत वास सुटतो आणि त्यातला हायड्रोजन सल्फाइड तांब्याच्या कॉइलला काळी करून कुरतडतो. खाडी किंवा मोठा नाला जवळ असलेल्या वस्त्यांत कॉइल लवकर जाते त्याचंही कारण हाच वायू.

पाइप वाकवणं आणि ठेवणं

मऊ तांबं हाताने वाकतं, म्हणून लोक ते गुडघ्यावर टेकवून वाकवतात. पाइप चपटा झाला की तिथे वाट कायमची अरुंद होते. स्प्रिंग किंवा लीव्हर बेंडर वापरा आणि वळणाची त्रिज्या पाइपच्या व्यासाच्या निदान चौपट ठेवा. एकाच जागी पाइप पुन्हा पुन्हा वाकवून सरळ केला तर तांबं कडक होतं आणि तडकतं. चपटा झालेला भाग पकडीने गोल करण्याच्या भानगडीत पडू नका, तुकडा बदला.

भेंडोळं जमिनीवर ठेवून गुंडाळी उलगडत न्यायचं. टोक धरून ओढलं की पाइपला पीळ पडतो. इन्सुलेशन चढवताना आणि भोकातून पाइप सारताना टोक बंदच पाहिजे, नाहीतर सिमेंटची भुकटी सरळ आत जाते. चिकटपट्टी थोड्या वेळापुरती चालेल. गिलाव्यानंतर महिनोन्महिने तसेच राहणारे पाइप मात्र चिमटून ब्रेझिंगने, म्हणजे ज्योतीवर धातूची रॉड वितळवून, बंद करावे लागतात.

फ्लेअर: सगळी गळती इथे ठरते

पाइपचं टोक कर्ण्याच्या आकारात उमलवून नटाने पितळी तोंडावर दाबायचं, याला फ्लेअर जोड म्हणतात. यात रबर नाही की वॉशर नाही. तांब्याचा मऊ कोन पितळेच्या कोनावर चपखल बसतो, एवढ्यावर सगळा दाब तोललेला असतो. म्हणून इथे दहा मिनिटं जास्त गेली तरी जाऊ द्या.

कापायला पाइप कटरच हवा. हॅक्सॉ वापरला की भुसा आत पडतो आणि कड तिरकी होते. कटर थोडा थोडा आवळत फिरवायचा, एकदम आवळला तर तोंड आत दबतं. कापल्यावर आतल्या कडेला धारदार कंगोरा उरतो, तो रीमरने काढायचा. त्या वेळी पाइपचं तोंड खाली धरा, म्हणजे कीस बाहेर पडेल. कंगोरा ठेवला तर फ्लेअर जाडसर आणि खरबरीत होतो. जास्त खरवडला तर कड पातळ होऊन चिरते.

आता नट पाइपमध्ये ओवा, आधीच. मग पाइप साच्यात धरा. आर-३२ आणि आर-४१०ए साठी बनवलेल्या क्लचच्या हत्याराने फ्लेअर करत असाल तर पाइप साच्याच्या वर ० ते ०.५ मिमी ठेवायचा, जुन्या साध्या हत्याराने करत असाल तर १ ते १.५ मिमी. तयार फ्लेअरचा बाहेरचा व्यास दोन सुतीला सुमारे ९ मिमी, तीन सुतीला १३ मिमी, चार सुतीला १६.२ ते १६.६ मिमी आणि पाच सुतीला १९.३ ते १९.७ मिमी भरला पाहिजे. आर-२२ च्या काळात फ्लेअर थोडा लहान असायचा. त्याच सवयीने आजही अनेक जण तो लहानच करतात आणि मग जोड उन्हाळ्याच्या दाबात दगा देतो.

झालेला फ्लेअर उजेडात धरून पाहा. आतला पृष्ठभाग आरशासारखा गुळगुळीत, कड सगळीकडे सारख्या रुंदीची, कुठे चीर नाही की ओरखडा नाही. शंका आली की कापा आणि नवा करा. वाया जातं ते बोटभर तांबं. फ्लेअरच्या आतल्या तोंडाला कंपनीने सांगितलेल्या तेलाचा एक थेंब लावा, पण नटाच्या आट्यांना तेल लावू नका, त्याने टॉर्कचा, म्हणजे आवळण्याच्या जोराचा, हिशेब चुकतो. टेफ्लॉन टेप, एम-सील, पांढरा सफेदा यातलं काहीही इथे नको.

नट आधी बोटांनी चार-पाच आटे बसवायचा. पाइप आणि तोंड सरळ रेषेत असेल तर तो विनासायास फिरतो. अडत असेल तर पाइपचा कोन सुधारा, पान्याने रेटू नका. शेवटचं आवळणं दोन पान्यांनी. एकाने जोडाचं शरीर धरायचं, दुसऱ्याने, म्हणजे टॉर्क पान्याने, नट फिरवायचा. दोन सुतीला १४ ते १८ न्यूटन-मीटर, तीन सुतीला ३३ ते ४२, चार सुतीला ५० ते ६२, पाच सुतीला ६३ ते ७७. कंपनीचे आकडे यात एखाद-दोनाने इकडे-तिकडे असतील, ते दिले असतील तर तेच पाळा. सैल नट गळतो हे सगळ्यांना ठाऊक आहे. अंगाचा जोर लावून आवळलेला नटही गळतो, कारण फ्लेअर चेपून पातळ होतो आणि पितळी नटाला सूक्ष्म तडे जातात. ती गळती सहा महिन्यांनी कळते, तेव्हा बसवणारा माणूस फोन उचलत नाही.

टॉर्क पाना महाग असतो, ही तंत्रज्ञांची तक्रार खरी आहे. पण एका तक्रारीवर दुसऱ्यांदा फुकट चकरा माराव्या लागल्या तर त्याची किंमत त्यातच निघून जाते. माझ्या मते हातात येणाऱ्या पहिल्या कमाईतून व्हॅक्यूम पंपाच्या खालोखाल हीच वस्तू घ्यावी.

ब्रेझिंग करावंच लागलं तर

दोन पाइप जोडणं टाळता आलं नाही तर फ्लेअरच्या युनियनपेक्षा ब्रेझिंगचा जोड बरा, आणि तोही भिंतीबाहेर, हात पोचेल अशा जागी. तांब्याला तांबं जोडताना फॉस्फरसवाली रॉड फ्लक्सशिवाय चालते. तांब्याला पितळ जोडायचं तर चांदीची रॉड आणि फ्लक्स लागतो. महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. तापवताना पाइपमधून नायट्रोजनची हलकी धार सुरू हवी, गालाला जेमतेम जाणवेल इतकी. ती नसेल तर आत काळी पापुद्र्यासारखी खपली धरते. ती सुटून कॅपिलरीत किंवा एक्स्पान्शन व्हॉल्व्हमध्ये, म्हणजे गॅसचा दाब उतरवणाऱ्या अरुंद वाटेत, अडकते आणि मशीन चालू असूनही खोली गार होत नाही.

ज्या पाइपमध्ये गॅस आहे त्याच्याजवळ ज्योत नेऊ नका. आर-३२ सौम्य का होईना, ज्वलनशील आहे, आणि जळताना त्यातून विषारी वायू निघतो. काम करताना खिडक्या उघड्या ठेवा.

नायट्रोजनची परीक्षा

गिलाव्याआधी करायचं सगळ्यात महत्त्वाचं काम हे. पाइप एका टोकाला ब्रेझ करून बंद करायचे, दुसऱ्या टोकाला सर्व्हिस व्हॉल्व्ह लावायचा आणि कोरडा नायट्रोजन रेग्युलेटरमधून टप्प्याटप्प्याने भरायचा. आधी ७० पीएसआयवर पाच मिनिटं, मग २०० वर पाच मिनिटं, मग ४०० ते ५०० वर. आधीच्या टप्प्यात मोठी गळती कळते, शेवटच्यात बारीक. इनडोअर जोडलेलं असेल तर त्याच्या पाटीवर छापलेल्या कमाल दाबाच्या पुढे जायचं नाही आणि आउटडोअरचे दोन्ही व्हॉल्व्ह बंदच ठेवायचे. भरलेल्या नायट्रोजन सिलिंडरमध्ये दीडशे बारच्या आसपास दाब असतो, त्यामुळे रेग्युलेटरशिवाय तो कशालाच जोडायचा नाही.

नायट्रोजन नाही म्हणून कुणी ऑक्सिजनचा सिलिंडर आणला तर काम तिथेच थांबवा. दाबाखालचा ऑक्सिजन आणि तेल एकत्र आलं की स्फोट होतो, आणि अशा स्फोटांत माणसं मेली आहेत. टायरवाल्याचा हवेचा कॉम्प्रेसरही नको, त्या हवेत ओल असते.

प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी लावा आणि मिनिटभर थांबून बघा. बारीक गळतीचा बुडबुडा सावकाश फुगतो. मग काटा कुठे आहे ते आणि त्या वेळचं तापमान लिहून ठेवा आणि निदान २४ तास तसंच सोडा. ५०० पीएसआयवर तापमान पाच अंशांनी उतरलं तर दाब आठ-नऊ पीएसआयने आपोआप घटतो, ती गळती नव्हे. त्याहून जास्त घट असेल तर गळती शोधल्याशिवाय गिलावा करायचा नाही, गवंडी कितीही घाई करो.

परीक्षा पास झाली की ३०-४० पीएसआय नायट्रोजन आत ठेवून पाइप बंद करा. एसी बसवायच्या दिवशी टोक उघडताना फुस्स आवाज आला तर मधल्या काळात कुणी खिळा ठोकला नाही याची खात्री पटते. आवाज आला नाही तर पुन्हा परीक्षा. गिलावा होण्याआधी झिरीचे फोटो काढा, मोजपट्टी भिंतीला लावून. वर्षभराने फोटोफ्रेम टांगताना ते उपयोगी पडतील.

व्हॅक्यूम

दोन्ही युनिट जोडून झाली, नायट्रोजनची परीक्षा झाली, की आतली हवा आणि ओल काढायची. आपल्याकडे अजूनही एक सोपा मार्ग वापरला जातो. आउटडोअरचा व्हॉल्व्ह किंचित उघडायचा, गॅसच्या जोराने हवा दुसरीकडून बाहेर पडू द्यायची आणि नट आवळायचा. दोन मिनिटांत काम होतं, पंप उचलावा लागत नाही. पण ओल काही यात जात नाही. ती तांब्याला चिकटून राहते. थोडी हवाही उरते. ती कधीच द्रव होत नाही, त्यामुळे बाहेरच्या कॉइलमध्ये दाब वाढतो आणि वीज जास्त जाते. शिवाय मोजून भरलेला गॅस वाया जातो. आर-३२ कार्बन डायऑक्साइडच्या ६७५ पट तापमानवाढ करतो, म्हणजे १०० ग्रॅम सोडला की साडेसदुसष्ट किलो कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखं होतं. तुमच्या घरी कुणी असं करायला लागला तर स्पष्ट नको म्हणा.

व्हॅक्यूम पंपाचं खरं काम पाणी उकळवणं हे आहे. दाब उतरला की पाणी कमी तापमानाला उकळतं. हवेचा दाब ७ लाख ६० हजार मायक्रॉन (व्हॅक्यूम मोजायचं माप). तो सुमारे ३२ हजारांवर आणला की ३० अंशांचं पाणी उकळून वाफ होतं आणि पंप ती वाफ ओढून घेतो. पण पाइप खरोखर कोरडा झाला असं म्हणायला ५०० मायक्रॉनपर्यंत खाली जावं लागतं. मॅनिफोल्डच्या, म्हणजे नेहमीच्या दाबमापकाच्या, काट्याला पाच हजार आणि पाचशे यांतला फरक दिसतच नाही, दोन्हीकडे तो तळाला टेकलेला असतो. म्हणून मायक्रॉन गेज लागतो. तो नसेल तर घरगुती मशीनला पंप निदान २० ते ३० मिनिटं चालवा, आणि कोकणात किंवा पावसाळ्यात आणखी वेळ द्या.

५०० गाठलं की पंपाचा व्हॉल्व्ह बंद करून दहा मिनिटं बघत राहा. आकडा थोडा वर येऊन थांबला आणि हजाराच्या आत राहिला तर ठीक. दीड-दोन हजारांवर जाऊन स्थिरावला तर आत ओल आहे, पंप पुन्हा लावा. थांबतच नाही, वर वरच जातोय, तर गळती आहे. पंपाचं तेल दुधाळ दिसलं तर बदला, त्या तेलाने ५०० कधीच येणार नाहीत. होज आखूड आणि जाड असेल तर हे सगळं बरंच लवकर आटोपतं.

व्हॅक्यूममध्ये असताना कॉम्प्रेसर सुरू करायचा नाही. वाइंडिंगमध्ये ठिणगी पडू शकते.

गॅस सोडणं

बारीक पाइपचा व्हॉल्व्ह अ‍ॅलन कीने पाव फेरा उघडा, पाच-दहा सेकंदांनी बंद करा, आणि सगळ्या जोडांवर पुन्हा साबणाचं पाणी फिरवा. बुडबुडा नसेल तर दोन्ही व्हॉल्व्ह टेकेपर्यंत पूर्ण उघडा. वरची पितळी टोपणं पान्याने घट्ट बसवा, तीही गॅस रोखतात. कामाच्या शेवटी ही टोपणं बाल्कनीत विसरलेली पुष्कळदा सापडतात.

कारखान्यात भरलेला गॅस पुरतो त्यापेक्षा पाइप लांब असेल तर जादा गॅस वजनावर भरायचा. समजा मशीनमधला गॅस पाच मीटरपर्यंत पुरतो, पाइप नऊ मीटर आहे आणि पुस्तिका मीटरला २० ग्रॅम सांगते, तर ८० ग्रॅम. यासाठी डिजिटल काटा हवा. गेजवर दाब बघून अंदाजाने भरणं इन्व्हर्टर मशीनमध्ये अजिबात चालत नाही, कारण कॉम्प्रेसरचा वेग बदलला की दाबही बदलतो. आर-४१०ए हे दोन वायूंचं मिश्रण असल्याने सिलिंडरमधून द्रव स्वरूपातच घ्यायचं. आर-३२ एकच वायू आहे, त्याला ही अट नाही. भरलेलं वजन आउटडोअरच्या पाटीवर कायमच्या शाईने लिहा. पुढे दुरुस्तीला येणाऱ्या माणसाचा अर्धा वेळ वाचेल.

वीस मिनिटं मशीन चालवून इनडोअरमध्ये शिरणारी आणि बाहेर पडणारी हवा मोजा. साधारण आठ ते बारा अंशांचा फरक दिसायला हवा. दमट दिवसांत तो कमी भरतो.

इन्सुलेशन आणि बाहेरची बाजू

बारीक पाइपला इन्सुलेशन नको, तो गरम असतो, असा समज पक्का आहे. घरगुती स्प्लिटमध्ये कॅपिलरी किंवा एक्स्पान्शन व्हॉल्व्ह आउटडोअरमध्ये असतो, त्यामुळे थंडाव्याच्या वेळी बारीक पाइपही गारच असतो आणि त्यालाही घाम सुटतो. दोन्ही पाइपना वेगवेगळं, बंद पेशींचं नायट्राइल रबर लावा. मुंबई, रत्नागिरी, पणजीकडच्या पावसाळी हवेत २५ अंशांच्या पृष्ठभागावरही दव धरतं, आणि पाइप तर दहा-बारा अंशांवर असतो. तिथे ९ मिमी कमी पडतं. १३ घ्या, भिंतीत किंवा पीओपीच्या मागे जाणारं असेल तर १९. मराठवाड्याच्या कोरड्या हवेत उघड्या पाइपला ९ पुरेल. फ्लेअर नटांवरचं इन्सुलेशन गळतीची तपासणी झाल्यावरच चढवायचं, पण चढवायचं नक्की. उघडा राहिलेला नट थेंब थेंब गळतो आणि लोकांना वाटतं ड्रेन तुंबला.

बाहेर उन्हात रबर वर्ष-दोन वर्षांत भेगाळतं. त्यावर टेप गुंडाळताना खालून सुरुवात करून वर जायचं, म्हणजे वरचा पदर खालच्यावर कौलासारखा येतो आणि पाणी आत शिरत नाही. टेप करकचून ओढू नका, चेपलेल्या रबरात हवा राहत नाही. मीटर-मीटरवर क्लॅम्प लावा आणि पाइप आउटडोअरच्या पत्र्याला घासत नाही ना ते पाहा. थरथरत घासणारा पाइप दोन-तीन वर्षांत भोक पडून गळतो. बाहेरचं हे सगळं काम सेफ्टी बेल्ट लावून, आणि छज्जा किंवा ग्रिल यांच्यावर भरवसा न ठेवता करायचं. बेल्टशिवाय कुणाला खिडकीबाहेर उतरू देऊ नका, तो स्वतः म्हणाला तरी.

घर बदलताना

मशीन काढायचं तर गॅस आउटडोअरमध्ये ओढून घेतात. थंडाव्यावर चालवायचं, बारीक पाइपचा व्हॉल्व्ह बंद करायचा, गेज शून्याजवळ आला की जाड पाइपचा व्हॉल्व्ह बंद करून लगेच मशीन थांबवायचं. पाइप सैल करून किंवा गळती असताना हे करू नका. कॉम्प्रेसर हवा आत ओढतो आणि हवा, तेल, दाब यांच्या मिश्रणाने फुटतो. काढल्याबरोबर दोन्ही युनिटची तोंडं आणि भिंतीतले पाइप बंद करा. नव्या घरी जुना फ्लेअर पुन्हा वापरायचा नाही. टोक कापून नवा करायचा, आणि नायट्रोजनपासून सगळं पुन्हा.